एक सबंध नर पाहिजे

मे महिना लागला तरी प्रज्ञा गावाला आली नाही. प्रज्ञा ही माझी नात, थोरल्या मुलाची मुलगी. भाईंदरला राहते आणि कॉलेजात समुद्रातल्या बारक्या प्राण्यांचा अभ्यास करते. दर वर्षी आंब्याला येते म्हणजे येतेच. ह्या खेपेस मुलाचा फोन आला, "आबा, ती एका किड्याच्या मागे लागलीय. गावाचं काही बोलतच नाही." मी म्हटलं, किड्यासाठी आजोबाला सोडते काय, थांब, मीच येतो आणि धरून आणतो. दुसऱ्या दिवशी पिशवीत आमसुलं आणि फणसाचे गरे भरून बोरिवलीच्या एस.टी.त बसलो आणि खिडकीतून तुम्हा सगळ्यांना ओरडून सांगितलं, पोरीला आणतो आणि तिचा किडाही शोधून देतो. ही हकिगत तुम्हा गाववाल्यांसाठी लिहितोय. मी दुसरीपर्यंत शिकलो आणि पुढे जन्मभर गवंडीकाम केलं. लिहिण्यात काही चुकलं तर गुरुजींनी हसावं, दुरुस्त करू नये.

बोरिवलीला मुलगा न्यायला आला. भाईंदर पूर्वेला जेसल पार्कात त्यांचा ब्लॉक आहे, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून खाडी दिसते आणि खाडीच्या अलीकडे जिकडे बघावं तिकडे नव्या बिल्डिंगी उठतायत. जिना चढताना मी गिलाव्याचा एक कण काढून जिभेला लावला. खारट. म्हटलं, वाळू खाडीची मारलीय. मुलगा म्हणाला, "आबा, भिंती चाटू नका, शेजारी बघतायत." शेजारी खरंच बघत होते. त्या जिन्यात एका दाराआड गुजराती, एकाआड हिंदी आणि एकाआड आमचं मराठी, पण सगळ्यांच्या दारात बादल्या, हंडे, पिंपं सारखीच. नळाला पाणी एक दिवसाआड येतं.

घरात गेलो तर प्रज्ञा खिडकीजवळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली. उठली, "जय भीम आबा" म्हणाली, पाया पडली आणि परत बसली. मी विचारलं, "गावाला कधी निघायचं?"

"सबंध नर मिळाला की लगेच."

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "ऐका. लोकांच्या मुलींना नवरा पाहिजे असतो. हिला नर पाहिजे, तो पण सबंध."

मग प्रज्ञाने मला नीट सांगितलं. समुद्रात शेवाळासारखं काही दोराला, दगडाला धरून वाढतं. त्याच्यावर हा प्राणी राहतो. कोळंबीच्या लांबच्या नात्यातला, पण अंगावर मांस असं नाहीच, म्हणून त्याला सांगाडा कोळंबी म्हणायचं. लांबी माझ्या करंगळीच्या नखाएवढी. असे पुष्कळ प्रकार जगात लोकांनी लिहून ठेवलेत. हिच्याकडे आलेला कुठला, का कुणीच न लिहिलेला, हे ओळखायचं तर पूर्ण वाढलेला नर लागतो, कारण खुणा सगळ्या नराच्या अंगावर. त्याच्या मोठ्या नांगीचा आकार, नांगीवरचा काटा, मिशांवरचे केस. हिच्याकडे बाटलीत होत्या सगळ्या माद्या आणि दोन-चार मोडके नर. कॉलेजातले सर म्हणाले होते, मोडक्यावरून बोलू नकोस. पावसाळ्याआधी कोळी समुद्रातले दोर काढून घेतात. मग पुढच्या हंगामापर्यंत काही नाही, आणि तोवर हिची कॉलेजातली मुदत संपणार. दोन वर्षांचं काम तसंच अर्धवट.

"बघू," म्हणून मी डोळा लावला. आत काळे काळे जाड केस दिसले. मी म्हटलं, "ह्याला केस फार आहेत." प्रज्ञा म्हणाली, "आबा, त्या तुमच्या पापण्या." मग तिने माझं डोकं धरून बसवलं तेव्हा दिसलं. बांबूच्या पेरांसारखं अंग, मधल्या पेरांना पायच नाहीत, पाठीमागे आकडे आणि पुढे दोन हात जोडलेले. मेलेला होता, पण हात जोडलेलेच.

तेव्हाच मी ठरवलं की नर शोधल्याशिवाय हिला नेण्यात अर्थ नाही. आणि हा किडा नवा निघणार, त्याला आपल्या गावाचं नाव द्यायचं, हेही ठरवलं. ते कुणाला सांगितलं नाही.

प्रज्ञाचं म्हणणं होतं की उत्तनला जाऊ, तिथे उघडा समुद्र आहे. मी म्हटलं, आधी घोडबंदर. खाडी काय आणि समुद्र काय, पाणी एकच. ती म्हणाली, तिथलं पाणी गढूळ, खारटपणा कमी, मी आधी बघून आलेय. मी म्हटलं, तू बघितलंस, मी नाही. मग काशिमिऱ्यावरून बसने गेलो. हमरस्त्याने गाड्या धडाधडा जात होत्या, पण गावात शिरलं की एकदम सामसूम. किल्ल्याची भिंत मात्र बघण्यासारखी. चुन्यातलं काम, मी तिला हात लावून उभा राहिलो. मग चिखलात उतरलो. गुडघ्यापर्यंत गेलो, एक चप्पल खाली राहिली ती राहिलीच. शेवाळ काढलं, पोरीने काचेच्या बशीत झटकलं. खेकड्याची पिल्लं निघाली, शिंपले निघाले, बाकी काही नाही. एक बाई वरून ओरडली, "आजोबा, काय हरवलं काय?" मी म्हटलं, "चप्पल." नर शोधतोय असं कसं सांगणार? मी आजही सांगतो, जागा चांगली होती. त्या किड्यालाच अक्कल नाही.

दुसऱ्या दिवशी नवी चप्पल घालून उत्तन. भाईंदर पश्चिमेहून बस जाते. मिठागरं संपली की टेकडी लागते, मग माड, मग चर्च, मग एकदम समुद्र. किनारभर बांबूच्या वलांड्या (बोंबील वाळत घालायचे मांडव) आणि त्यांवर बोंबील एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून लटकलेले. वासाने प्रज्ञाने नाकाला रुमाल लावला. मी नाही लावला. आपलं सुकटीवर पोसलेलं नाक.

एक म्हातारा तांडेल (बोटीचा मुख्य) जाळ्याच्या ढिगावर बसला होता. गळ्यात क्रूस, वय माझ्याएवढंच. मी पुढे झालो आणि विचारलं, "तांडेलबाबा, नाव द्याल का?"

तो म्हणाला, "इनास."

"तसं नव्हे. आम्हाला नाव पाहिजे."

"तुमाला न्हाय काय? आईबापानं ठेवलं न्हाय?"

वलांडीजवळच्या बायका हसायला लागल्या. आपल्याकडे खाडीवर जुनी माणसं होडीला नाव म्हणतात, ते ह्याला काय ठाऊक. मी म्हटलं, "पाण्यात चालते ती नाव."

"ती व्हय. ती बोट. ती कशाला पायजे?"

प्रज्ञा म्हणाली, "बाबा, तुमच्या दोरांवर शेवाळासारखं वाढतं ना, ते पाहिजे."

"घान पायजे?" तो बायकांकडे वळला. "आयकला? लोकं येतात म्हावरं न्यायला, ही आली घान न्यायला."

प्रज्ञाने बाटली काढून दाखवली. त्याने ती उन्हात धरली, जवळ नेली, लांब नेली. "हा मेलेला हाय."

"म्हणून तर जिवंत पाहिजे. नर, मोठा, न मोडलेला."

"नर वळखायचा कसा?"

"त्याचे हात अंगापेक्षा मोठे दिसतात. मारामारीसाठी."

"आमच्यात पन तसंच हाय," इनास म्हणाला आणि एका बाईने त्याला बोंबील फेकून मारला. ती त्याची बायको होती. मग तो जरा नरमला. म्हणाला, "उद्या फाटे ये. दोर काढाया चाललोय. येकदा काढला का उनात पडला, मग तुजा नर म्हंजे सुका बोंबील."

पहाटे आम्ही बोटीत होतो. समुद्र बाहेर बराच हलत होता. मला उलटी झाली नाही, पोटातला चहा तेवढा बाहेर आला. इनास म्हणाला, "खाडीवाले, बसा खाली." मी उभाच राहिलो, काठ धरून. जाळं बांधायला समुद्रात रोवलेल्या खुंटापाशी बोट लावली आणि चार जणांनी दोर ओढला. दोर कसला, रीसच (अस्वल) वर आली. तपकिरी, केसाळ, ठिबकणारी. प्रज्ञाने त्यातला झुपका कापून पाण्याच्या बशीत सोडला आणि मला म्हणाली, "आबा, हलू नका, नुसतं बघा."

आधी काहीच नव्हतं. मग एक केस वाकला. मग दुसरा. मग लक्षात आलं की अर्धे केस म्हणजे केस नव्हेतच. प्रत्येक काडी मागच्या आकड्यांनी धरून ताठ उभी, पुढचे हात जोडलेले, आणि सगळ्या मिळून डुलतायत. एक पुढे वाकला, पुढच्या हातांनी धरलं, मागचं अंग उचलून जवळ आणलं, कमान झाली, परत ताठ. सुरवंट चालतो तसा. एकीच्या पोटाला पिशवी होती आणि पिशवीत ठिपके. ती तिची पिल्लं. मी आयुष्यात पुष्कळ बघितलंय, पण असा गाव बशीत मावलेला बघितला नव्हता.

इनासही वाकून बघत होता. म्हणाला, "जल्मभर हे आंगाला लागून खाज सुटते. पन हेच्यात कोन ऱ्हातो ते कंदी बगितला न्हाय. हेचं नाव काय?"

"तेच शोधतेय," प्रज्ञा म्हणाली. "कुणी दिलेलं नसेल तर द्यायचं."

"मग माजं दे."

मला राहवलं नाही. "आमच्या गावाचं द्यायचं ठरलंय."

"कोनी ठरवलं?"

"मी."

"दोर कोनाचा?"

"बाबा, आबा," प्रज्ञा म्हणाली, "अजून कुणीच काही ठरवलेलं नाही. दोर हलवू नका."

बादली भरून बसने परत निघालो. मी ती मांडीवर घेतली, म्हणजे हिंदकळून कुणाचा हात-पाय मोडायला नको. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, खाली ठेवा." मी ठेवली नाही. "काय आहे, कोळंबी?" म्हटलं, "सांगाडा कोळंबी." "काय भाव?" त्यावर मी खिडकीबाहेर बघितलं. धोतर पार ओलं झालं, पण बादली जेसल पार्कापर्यंत हलली नाही.

घरी नवीनच अडचण. ह्या प्राण्याची पकड अशी की चिमट्याने ओढला तर पाय तुटतो, पण सोडत नाही. गोडं पाणी लागलं तरच सोडतो. आणि त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. प्रज्ञाने पिण्याच्या पिंपातलं अर्धी बादली काढलं. सून म्हणाली, "काढ, काढ. आम्ही चहा समुद्राचा करतो." शेजारच्या ज्योत्स्नाबेन दारातून बघत होत्या. "काका, इन लोगों को मीठा पानी देते हो, हमको तो टँकरवाला भी नहीं देता." पण गेल्या आणि घरातून एक हंडा घेऊन आल्या, आणि झुपका पाण्यात बुडताना बघायला स्टूल ओढून बसल्या.

हळूहळू सगळे सुटून तळाशी आले. प्रज्ञा एकेक काचेखाली घ्यायची आणि आम्ही तिच्या तोंडाकडे बघायचो. "मादी. मादी. लहान आहे. हा नर, पण मिशी गेलीय." आणखी एक नर, त्याची नांगीच नाही. ज्योत्स्नाबेन मोडक्या नरासाठी हळहळायला लागल्या. पुढचा मात्र प्रज्ञाने उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाली, "सबंध आहे." सून हात पुसत येऊन तिच्या मागे उभी राहिली. मी बघितला. हो, मोठा हात होता. त्यावर काटाही होता.

पुढे बरेच दिवस ती त्याचं चित्र काढत होती. एकेक पेर, एकेक केस, आणि शेजारी परदेशच्या लेखांची झेरॉक्स. मी शब्द बोलत नव्हतो. फक्त रोज विचारायचो, "जुळतंय?" ती म्हणायची, "अजून नाही." मला बरं वाटायचं. न जुळणं म्हणजे नवा.

एका संध्याकाळी कॉलेजातून आली, चप्पल काढली आणि म्हणाली, "जुळलं. सरांनीही बघितलं. कुठल्या कुठे दूरच्या समुद्रातून कुणी तरी आधीच लिहिलाय. काटा, केस, सगळं तेच."

मी म्हटलं, "पुन्हा बघ."

"बघितलं, आबा."

"काट्याचं टोक बघितलंस? ते वेगळं आहे."

तिने सूक्ष्मदर्शक काढला, नर काचेखाली ठेवला, झेरॉक्स माझ्या हातात दिली. मी आलटून पालटून बघत बसलो, डोळ्यांतून पाणी यायला लागेपर्यंत. टोक तसंच होतं. आमच्या गावाचं नाव गेलं, इनासचंही गेलं. मी कागद तिच्याकडे दिला आणि म्हटलं, "मग दोन वर्षं काय केलंस?"

बोललो आणि मलाच ते जड वाटलं. पण ती चिडली नाही. म्हणाली, "हा आपल्या किनाऱ्याला राहतो हे कुणाला माहीत नव्हतं. त्याच्या घरच्या यादीत आपला समुद्रच नव्हता. आता येईल." आणि तिने लिहायला घेतलेलं मला मराठीत करून वाचून दाखवलं. उत्तनच्या समुद्रात, जाळ्याच्या दोरावर, उन्हाळ्यात, नर आणि माद्या दोन्ही, पिल्लांसकट. मी म्हटलं, "'दोर तांडेलाचा' हे घाल." तिने शेवटी आभारात घातलं.

दोन दिवसांनी आम्ही दोघं गावाला आलो. ते तुम्ही बघितलंच. पहिल्याच संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर सगळे जमलात, आणि मी निघताना एस.टी.त जे बोलून गेलो होतो ते कुणी विसरलं नव्हतं. गुरुजींनी विचारलं, "काय आबा, किडा मिळाला?"

"मिळाला."

"म्हणजे नवीनच शोध लागला म्हणायचा?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिथे कुणाला कळणार होतं? प्रज्ञा शेजारी बसली होती, तिने माझ्याकडे बघितलंही नाही, आंबा चोखत होती.

"नवा नाही," मी म्हटलं. "पहिल्यापासून इथलाच आहे. आजवर कुणी विचारलं नव्हतं, पोरीनं विचारलं."

गुरुजी ओट्यावर पुढे सरकले. मग म्हणाले, "कसा दिसतो ते तरी सांगा." मी ओट्यावरून खाली उतरलो, मागचे पाय घट्ट रोवले, हात जोडले आणि डुलून दाखवलं.