लिंबायतचा पॅटन

लूमच्या कारखान्यात माणसांना बोलता येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी सुकदेव आणि बाबुराव यांचं भांडण पाहिलेलं नाही. ते पाहायचंच भांडण होतं, ऐकण्यासारखं त्यात काही नव्हतं. सुरतेतल्या लिंबायतच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये अठ्ठेचाळीस लूम एकदम धडधडायचे. कानाला तोंड लावून ओरडलं तरी फक्त गरम वाफ कळायची. म्हणून सगळे कारागीर हातांनी बोलत. धागा तुटला की दोन बोटांची कात्री. चहा आला की अंगठा ओठाला. शेठ आला की पोटाभोवती एक मोठा गोल. पण या दोघांनी त्या मुक्या भाषेत अख्खं महायुद्ध बसवलं होतं.

सुकदेव डावी मूठ उजव्या मनगटावर ठेवून हात पुढे सरकवायचा, म्हणजे रणगाडा. पलीकडच्या रांगेतून बाबुराव हात आडवा धरून त्यावर तीन बोटं उभी करायचे, म्हणजे युद्धनौका. मग बाबुरावांचे दोन्ही हात फाकत: अठरा इंची तोफा, जपानी यामाटो! सुकदेव लगेच दोन हातांचं विमान करून ते वरून खाली आणायचा आणि आडवा तळवा उलटा करायचा: बुडाली. बिस्मार्क? तीही बुडाली, एका जुनाट विमानाच्या टॉर्पेडोने सुकाणू अडकवलं म्हणून. बाबुरावही हार जाणारे नव्हते. ते जर्मन टायगर रणगाड्याला ढोपरभर चिखलात रुतवून दाखवत आणि वर स्वतःचं धोतर सावरत पाय उचलण्याची अशी नक्कल करत, की शेजारचा कारागीर हसता हसता आपला लूम बंद पाडून बसे.

बाबुराव हिंगोलीकडचे. समुद्र त्यांनी पाहिला तो डुमसला, तोही भजी खाता खाता. पण रद्दीच्या दुकानात एकदा जहाजांच्या चित्रांचा अंक त्यांना सापडला, आणि त्या दिवसापासून ते मनाने नौदलात भरती झाले ते कायमचे. सुकदेवचं तसं नव्हतं. पारोळ्याकडचा हा उंच, हाडकुळा माणूस खरोखरच लष्करात होता. दहा वर्षं रणगाडा चालवून तो बाहत्तरच्या दुष्काळात घरी परतला आणि तिथून थेट सुरतेला आला. त्याचा रणगाडा सेंच्युरियन. पासष्ट साली खेमकरणच्या उसाच्या शेतांत लपून याच रणगाड्यांनी पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांची वाट पाहिली होती.

टायगर, शर्मन, रशियन टी-चौतीस, सगळ्यांना सुकदेवच्या हातांत खूण होती. पॅटनला नव्हती. बाबुरावांनी कितीदा ओठ हलवून, हात उडवून विचारलं, "आणि पॅटन?" सुकदेव पाठ फिरवून धोट्यात धाग्याची नवी कांडी भरायला लागे.

कारण गोपाल. गोपाल त्याच्याच तालुक्यातला, त्याच्याच रणगाड्यात तोफेत गोळे भरणारा. सप्टेंबरच्या त्या सकाळी पॅटनचा एक गोळा त्यांच्या बुरुजावर, गोपाल तोफेमागे उभा असे तिथेच, बसला. पुढे, खाली बसलेल्या सुकदेवने रणगाडा मागे घेतला, वाचवला. रणगाडा वाचला. पुढे तो गोपालची पेटी घेऊन त्याच्या आईकडे गेला, तेव्हा त्या माउलीने एकच विचारलं होतं, "त्याले उभं ऱ्हावाले जागा व्हती का रे भाऊ?"

"खूप जागा व्हती, माय," सुकदेव म्हणाला होता. नव्हती. माणूस कसाबसा उभा राहील एवढीच होती.

हे त्याने बायको सुंदराशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं. चौऱ्याण्णवच्या प्लेगात लूम बंद पडले, अर्धं लिंबायत गाड्यांना लटकून गावी पळालं, सुकदेव आणि बाबुराव मात्र मागे राहिले. तेव्हा आठ दिवस शेडच्या पायरीवर बसून दोघांनी पहिल्यांदा तोंडाने भांडून घेतलं. "तुझा आवाज एवढा बारीक आहे होय, गड्या?" असं बाबुराव म्हणाले होते. तेव्हा उसात लपल्याचं त्याने सांगितलं, पण पॅटनविषयी तो बोलला नाही.

सत्त्याण्णव साली स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली. गल्लीच्या गणेश मंडळाने ठरवलं, यंदा देखावा युद्धाचा. अध्यक्ष उखा, मसाल्याच्या दुकानाचा मालक. देखावा करणारा प्रशांत, कापडाच्या छपाई गिरणीत डिझाइनं काढणारा पंचविशीचा कलाकार. हात सोन्याचा, जीभ अर्धी गुजराती. पंधरा दिवस ताडपत्रीआड खिळे ठोकण्याचा आवाज येत होता, पण तो कोणाला डोकावू देत नव्हता. स्थापनेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी चारला, पडदा सरकवायचा मान सुकदेवचा. गल्लीत फौजी तो एकटाच.

सुकदेव इस्त्रीचा सदरा घालून आला. छातीवर जुनी दोन पदकं. सुंदराने ती राखेने घासून दिली होती. उखाने हातात झेंडूचा जाड हार दिला. "सुकदेवभाऊ, पडदा सरकवा, हार तोफेला घाला, नारळ फोडा. मग पेढे."

सुकदेवने पडदा ओढला. टाळ्या पडल्या.

समोर बांबू, थर्माकोल आणि प्लास्टरचा रणगाडा उभा होता. बुरुजावर तिरंगा रंगवलेला, तोफ आकाशाकडे ताठ, वर पाटी: "विजयी भारत". रणगाड्याचं पुढचं पोट होडीसारखं गोल होतं. बुरुज कासवाच्या पाठीसारखा. सेंच्युरियनच्या पट्ट्यांवरून जे लोखंडी पडदे लोंबतात, त्यांचा पत्ता नव्हता.

हार त्याच्या हातातून खाली पडला.

"हा कोणाचा आहे?"

"आपला, काका!" प्रशांत हसत म्हणाला.

"कोणाचा म्हणून विचारतोय मी!"

"आपलाच ना! मी स्वतः फोटो पाडलाय. मावशी राहते ना नगरला, तिकडे चौथऱ्यावर ठेवलाय. बाजूला साखळ्या, मागे आपला झेंडा."

"अरे, तो पकडून आणलेला आहे!" सुकदेवचा आवाज असा फाटला की मागे लायटिंग लावणारेही थांबले. "तो पॅटन आहे, पॅटन! त्यांचा! चोर पकडून चौकात बांधून ठेवला, तर तो काय गावाचा जावई झाला? आणि मला हार घालायला लावता त्याला? या हातांनी?"

उखा पुढे झाला. "भाऊ, शांत व्हा. पब्लिकला काय कळतं? रणगाडा तो रणगाडा."

"पिवळं ते पिवळं, असं म्हणून हळदीच्या पुडीत माती भरतोस का रे दुकानात?"

हशा पिकला. उखाचं तोंड उतरलं. तेवढ्यात मागून कोणीतरी बोललं, "ओ काका, तुम्ही नक्की रणगाड्यात होता ना? की आचारी होता?" आणि दुसरा हशा पिकला, पहिल्यापेक्षा मोठा.

सुकदेव सरळ मंचावर चढला आणि दोन्ही हातांनी ती तोफ धरून उपटायला लागला. बांबू करकरला, प्लास्टरचे पोपडे उडाले. "काका, पंधरा दिवसांची मेहनत आहे!" म्हणत प्रशांत रडवेला झाला. चार जण धावले, पण पोचले आधी बाबुराव. त्यांनी सुकदेवला मागून कमरेत मिठी घातली.

"सोड बाबुराव!"

"नाही सोडत. कामून एवढा पेटलास ते सांग आधी. उद्या बाप्पा यायचे अन् तू मंडप पाडतोस?"

"याच्या गोळ्याने माझा माणूस गेला!" सुकदेव ओरडला. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाला, "गोपाल. माझ्या गाडीतला. मी पुढे बसलो होतो, तो वर उभा होता. बावीस वर्षांचा."

 आचारी म्हणणारा कधीच निघून गेला होता.

बाबुरावांची मिठी सैल झाली. "इतकी वर्षं माझ्याशी भांडतोस, अन् हे सांगितलं नाहीस?"

"हाताने कसं सांगू?" सुकदेव म्हणाला.

बाबुराव मंचाच्या कडेला बसले. धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं, अर्धवट वाकलेल्या तोफेकडे पाहिलं, आणि प्रशांतला म्हणाले, "तो फोटो दाखव बरं. नगरला तोफ कशी आहे? वर की खाली?"

प्रशांतने खिशातून फोटो काढला. "खाली आहे. मला वाटलं जुनी झाली म्हणून लोंबली असेल. मीच वर केली. भारी दिसावी म्हणून."

"वा रे कलाकार!" सुकदेव पुन्हा उसळला. "हरलेल्याची मान खाली असते. ती ठेवलेली असते खाली, मुद्दाम! आणि तू ती वर केलीस! युद्ध संपून बत्तीस वर्षांनी पॅटनला जिंकवलंस, लिंबायतमध्ये!"

"मग पाड की मान त्याची," बाबुराव म्हणाले. "गड्या, आमच्या नौकेचं हेच तर दुःख आहे. हरली की बुडते, दाखवायला राहत नाही. तुमचा हरलेला गडी उभा राहतो. एवढी एक गोष्ट तुझ्या रणगाड्याची मी कबूल करतो. तर मग त्याला हरलेलाच दाखव. चिखलात रुतव."

सुकदेवने तोफेवरचा हात काढला.  "आणि आपला? आपला कुठे दाखवायचा? एका संध्याकाळीत सेंच्युरियन होत नाही."

"तूच सांगतोस ना, उसात लपला होता म्हणून? मग लपू दे. नुसती तोफ काढ बाहेर."

ऊस कुठून कुठवर उभा करायचा, ते सुकदेवने मंचावर पावलांनी मोजायला घेतलं.

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. रसवंतीवाल्याने उसाच्या चार मोळ्या दिल्या. चिखल लिंबायतला कधी विकत आणावा लागलेला नाही, पावसाळ्यात तर नाहीच. उखाने स्वतःच्या हातांनी बुरुजावरचा तिरंगा खरवडला, आणि सुकदेवला एकदा म्हणाला, "भाऊ, चुकलं," आणि खरवडत राहिला. प्रशांतने तोफ खाली वाकवून पक्की केली आणि पॅटनच्या पट्ट्यांना वरपर्यंत माती लिंपली. पण उसातून बाहेर यायला तोफ हवी होती. बाबुराव गुपचूप घरी गेले आणि कापडाचा ताका गुंडाळतात ती पुठ्ठ्याची लांब नळी घेऊन आले. पुढच्या वर्षीच्या देखाव्यातल्या युद्धनौकेसाठी त्यांनी अशा तीन नळ्या खाटेखाली जपून ठेवल्या होत्या. आडव्या हातावर ते तीन बोटं उभी करत, तशाच तीन.

"दोनच उरल्या," ते म्हणाले. "दोन तोफांची युद्धनौका कोणी बघितली आहे का?"

उखाला सेंच्युरियनवर झेंडा हवा होता. "लपलेली गाडी झेंडा लावत नसते!" सुकदेव कडाडला. शेवटी झेंडा कमानीवर गेला. मग पाटी वर की खाली, ऊस हिरवा की सुका, प्रत्येक गोष्टीवरून तो भडकत होता. सुंदरा डबा घेऊन आली तेव्हा त्याचे दोन्ही हात मातीने भरलेले, पदकं वाकडी झालेली.

"आतेबी भांडणच करी राह्यनात का?" तिने विचारलं. मग उसाकडे पाहिलं, चिखलात मान टाकलेल्या पॅटनकडे पाहिलं.  पदर खोचून ऊस उभे करायला लागली.

प्रशांत नळीमागची सगळी जागा उसाने भरत होता. दाट दिसावं म्हणून खच्चून.

"तिथे नको," सुकदेव म्हणाला. "तोफेच्या मागे, डाव्या हाताला, जागा सोड."

"केटली... किती?"

"माणूस उभा राहील एवढी."

"पण काका, समोरून दिसणार तर नाही. रिकामी राहून काय उपयोग?"

"सोड म्हटलं ना! प्रत्येक गोष्टीचा उपयोग विचारायचा काय तुम्हाला?"

प्रशांतने जागा सोडली. सुकदेव त्या जागेत जाऊन एकदा उभा राहिला, खांदे दोन्ही बाजूंच्या उसाला टेकवून पाहिले, आणि प्रशांतला बाहेरून आणखी हातभर ऊस सरकवायला लावला. मग मंचाखाली पडलेला झेंडूचा हार उचलला, झटकला, आणि छातीच्या उंचीवर बांबूवरच्या खिळ्याला अडकवला. ते सुंदराने पाहिलं, आणि बाबुरावांनी.

दुसऱ्या दिवशी बाप्पा आले. ढोल, ताशे, दोन लाउडस्पीकर. लूमच्या शेडलाही लाजवील असा आवाज. गर्दी मान उंचावून विचारत होती, "आपला रणगाडा कुठाय?" आणि उखा, कालचा उखा, प्रत्येकाला घसा फोडून सांगत होता, "नीट बघा! उसात बघा! आपला लपलेला असतो!"

गर्दीच्या पलीकडच्या टोकाला बाबुराव उभे होते. बोलून उपयोग नव्हता. त्यांनी हात आडवा धरला आणि त्यावर दोनच बोटं उभी करून दाखवली, तिसरं मिटलेलं. मग बोट चिखलातल्या धुडाकडे रोखलं आणि हात उडवला. इतकी वर्षं विचारत होते तेच: आणि हा?

या वेळी सुकदेवने पाठ फिरवली नाही. त्याने डावी मूठ वळली, उजव्या मनगटावर ठेवली, आणि हळूच ते मनगट ढिलं सोडलं. बोटं जमिनीकडे लोंबली.

बाबुरावांनी ती खूण एकदा करून पाहिली. सुकदेवने जोरजोरात मान हलवून त्यांना चूक दाखवली, गर्दीत कोपरं मारत तो त्यांच्यापर्यंत गेला आणि त्यांचं मनगट धरून आणखी खाली वाकवलं.