ब्रेकचा हात

आमच्या बीड जिल्ह्यात कुठलीही गोष्ट व्हायच्या आधी तिचा सत्कार होतो. पोरगं भरतीला निघालं की लाव बॅनर. बोअरला पाणी लागायच्या आधी नारळ, शाल आणि फोटो. त्यामुळे आमच्या गिर्यारोहण क्लबाच्या अध्यक्षानं ‘कडा सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ असा बॅनर कडा सर व्हायच्या आधीच छापून आणला, याचं मला नवल वाटलं नाही. संताप मात्र आला. बॅनरवर साहेबांचा फोटो दाराएवढा, अध्यक्षाचा खिडकीएवढा, आणि जी चढणार होती ती पोरगी खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी. वर हा बॅनर दोन बाभळींना बांधला होता तो माझ्या स्लिंगांनी. स्लिंग म्हणजे ज्या पट्ट्यांवर आम्ही कड्यावर जीव टांगतो त्या.

“सुतळी मिळाली न्हाई का बे?” मी अध्यक्षाला विचारलं.

“सर, ह्या दिसायला चांगल्या हायेत. रंगीत.”

काय बोलणार, कप्पाळ! मी पट्ट्या सोडल्या आणि त्याला माझ्या बुटाची जुनी नाडी दिली.

मी वडवणीजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. तरुणपणी उत्तरेत जाऊन कडे चढायचे दोन कोर्स केले आणि परत येऊन हा क्लब काढला. व्हॉट्सअॅपवर क्लबात ऐंशी माणसं. कड्याखाली चार. बाकीच्यांचं गिर्यारोहण म्हणजे मांजरसुंब्याच्या ढाब्यावर शेवभाजी हाणायची, घाटात गाडी थांबवायची, दोन्ही हात पसरून फोटो काढायचा आणि खाली लिहायचं, ‘डोंगर बोलावतो.’ डोंगर कशाला बोलावतोय यांना? त्याला काय कामधंदा नाही?

अध्यक्ष तर तीन वर्षांत एकदाही जमिनीपासून वर गेला नव्हता. खालून ओरडायचा मात्र खूप. “उजवीकडं घे! पाय वर टाक!” उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

खरं चढणारी एकच होती. मेंढरं राखणाऱ्या घरातली, चोविशीतली पोरगी. तीन वर्षांपूर्वी मी कड्याखाली दोर सोडवत बसलो होतो आणि ही माझ्या डोक्यावरून, अनवाणी, बगलेत चुकलेलं करडू घेऊन तिरपी खाली उतरली. मी दोन कोर्स करून ज्या जागी दोनदा आपटलो होतो त्या जागेवरून. त्या दिवशी मी तिला म्हणालो, “पोरी, तुला दोर बांधतो. बघ कुठवर जातेस.” ती मला सर म्हणायला लागली आणि मी तिला गाठी शिकवल्या. चढणं काय शिकवणार, डोंबल!

तिच्याबरोबर तिच्या वस्तीवरचा एक माणूस यायचा. तो विहिरीवर क्रेन चालवायचा. विहीर खोदताना लोखंडी बादलीत बसवून माणसं खाली सोडायची, सुरुंग पेटवला की झटकन वर काढायची, हे त्याचं काम. मी त्याला ‘क्रेन’च म्हणायचो. ए क्रेन, मागं बस. ए क्रेन, पाणी आण. तोंडात कायम तंबाखू. दोर अडकवायच्या कॅराबिनरला तो ‘कडी’ म्हणायचा, आणि मी दहादा सुधारलं तरी कडीच म्हणायचा. दणकट होता म्हणून मी त्याला माझ्या मागं बसवला होता, दोराचं शेपूट धरून. नियमानं तसा एक माणूस ठेवतात, खालच्या माणसाचं काही चुकलंच तर. माझं काय चुकणार? मला ती एक खुंटी होती, बोलणारी. बोलायचाही कमीच.

दोराचं काम सोपं आहे, म्हणूनच त्यात माणसं मरतात. खाली उभा असतो त्याच्या कमरेला एक यंत्र, त्यातून दोर वर जातो. चढणारा पडला की खालच्यानं उजव्या हातानं दोर खाली आवळायचा. तो ब्रेकचा हात. डावा सोडा, नाक खाजवा, चालतं. उजवा सुटला की वरचं माणूस गेलं. नवीन माणूस आला की मी पहिल्याच दिवशी बोट नाचवून सांगायचो, “आई मेली तरी उजवा हात सोडायचा नाही!”

त्या वर्षी हिमाचलात एका संस्थेची मोहीम निघणार होती. उंचावरचा, बर्फातून सरळ उभा उठलेला कातळ. अर्ज जोडीनंच करायचा. एक चढणारा, एक दोर धरणारा, आणि चढणाऱ्यानं आपला जोडीदार स्वतः लिहायचा. सोबत एका चढाईचा व्हिडिओ, मधे न तोडलेला, वरचा आणि खालचा दोघंही दिसतील असा. पडलं तरी चालेल, व्हिडिओ तुटायला नको. वयाची अट पन्नास. मला एकोणपन्नास पुरी झाली होती. उभ्या आयुष्यात मला दुसरं काही हवंसं वाटलं नव्हतं, आणि ही शेवटची खेप होती. अर्ज मी आधीच भरून ठेवला होता. चढणारीच्या रकान्यात तिचं नाव, जोडीदाराच्या रकान्यात माझं, टपोऱ्या अक्षरात. फक्त तिची सही राहिली होती.

आता साहेबांविषयी. साहेब कोण ते विचारू नका, प्रत्येक तालुक्याला एक असतातच. साहेब आले की आख्खा तालुका कमरेत मोडतो. मला त्या वाकण्याची किळस होती. साहेब एकदा शाळेत आले तेव्हा सगळा स्टाफ फाटकावर पळाला आणि मी एकटा वर्गात पेपर तपासत बसलो. ही गोष्ट मी शंभर वेळा सांगितली आहे, स्टाफरूममध्ये, लग्नात, एसटीच्या स्टँडवर. साहेब माझ्या वर्गाकडं आलेच नव्हते, एवढं मात्र मी कधी सांगितलं नाही.

अध्यक्षानं न विचारता साहेबांना बोलावलं. “दहा मिनटं येत्याल सर, फोटो काढून जात्याल.” सकाळी आठला चढायचं ठरलेलं. साहेबांसाठी थांबा. नऊ वाजले, दहा वाजले. सावली सरली आणि कातळ तापायला लागला. पोरगी बोटं मातीत घासत म्हणाली, “सर, आता घाम सुटंल. मी जाते.”

“जा,” मी म्हणालो. “साहेब गेले उडत!”

हे मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो होतो.

समोरच्या दगडावर टेकवलेला मोबाईल अर्जासाठी व्हिडिओ काढत होता. ती सुंदर चढत होती. माझ्या कमरेशी दोर, मागं क्रेन खाली बसलेला, टाचा एका दगडाला टेकवून. कड्याला वरच्या अंगाला एक पोट आहे, बाहेर आलेलं. तिथं दोन बोटं मावतील एवढी खाच, आणि पाय जवळजवळ हवेत. ती त्या पोटाखाली पोचली आणि त्याच वेळी खाली धुरळा उडाला. पाच पांढऱ्या गाड्या. हॉर्न. “आले, आले!” अध्यक्षानं माईक फुंकला. त्यानं माईकही आणला होता.

साहेब गाडीतून उतरले आणि अध्यक्षाकडं न जाता, का कोण जाणे, सरळ माझ्याकडं आले. हसले. म्हणाले, “काय गुरुजी, बरं हाय ना?”

आणि माझे हात जोडले गेले. दोन्ही.

मला कुणी ढकललं नव्हतं. कुणी डोळे वटारले नव्हते. मी कमरेत वाकलो, “नमस्कार साहेब,” म्हणालो आणि दात काढले. एकोणपन्नास वर्षं ज्या माणसांना मी तुच्छ मानलं त्यांच्यातल्या कुणाला जमलं नसतं इतकं झकास वाकलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

एवढ्यावरच थांबलो असतो तर बरं. साहेबांसोबतच्या एका पहिलवानानं माझ्या मागं बोट दाखवलं. “त्यो कोन हाय बे? सायेब आल्यात, उठता येत न्हाई?”

क्रेन साहेबांकडं पाठ करून बसला होता. मान वर, डोळे वर, दोन्ही हात दोरावर. मी मान वळवून, हात तसेच जोडलेले ठेवून, त्याच्यावर खेकसलो, “ए क्रेन! ऊठ की बे! साहेब आलेत!”

तो उठला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तेवढ्यात वर तिचा पाय सुटला. माझ्या कमरेच्या यंत्रातून दोर सर्रकन पळाला. मी हात मारला तो हवेत. ती खाली आली, विहिरीच्या मापानं सांगायचं तर दोन पुरुष, आणि थांबली. दोर क्रेनच्या पंजातून हातभर सरकला आणि थांबला, म्हणून ती थांबली. तो फक्त “हं” म्हणाला, ओझं उचलताना म्हणतात तसं.

आणि टाळ्या वाजल्या! खरंच सांगतो, टाळ्या. शिट्ट्यासुद्धा. साहेबांनी विचारलं, “हे मुद्दाम करत्यात का?” अध्यक्ष म्हणाला, “हो साहेब, थरारासाठी.”

ती लटकत होती. कोपर सोललं होतं. तिनं खाली पाहिलं, आधी माझ्याकडं. माझे हात अजून छातीशीच होते, मधोमध काहीही नसलेले. मग तिनं माझ्या मागं पाहिलं.

“दादा, धरलंय ना?”

“धरलंय, बाय. दम घे.”

मी घाईनं दोर धरला, आवळला, “चढ पोरी, मी आहे!” असं ओरडलो. तिनं ऐकलंच नसावं. ती दम घेऊन पुन्हा त्या पोटाला भिडली आणि दोर लागला की हाक मारायची, “दादा, दोर.” प्रत्येक वेळी दादा. दोर माझ्या हातातून जात होता आणि हाक माझ्या डोक्यावरून मागं जात होती. मधेच साहेबांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली, हार घातला. हारासाठी मी मान पुढं केली, पण उजवा हात सोडला नाही. बैल गेला आणि झोपा केला. तो फोटो दुसऱ्या दिवशी ऐंशी जणांच्या ग्रुपवर आला. त्यात मी आहे, साहेब आहेत, बॅनर आहे. कडा नाही.

ती माथ्यावर पोचली तेव्हा गाड्या निघून गेल्या होत्या. साहेबांना दुसरा कार्यक्रम होता.

ती दोरावरून खाली उतरली नाही. वर दोर सोडला आणि मागच्या शेळ्यांच्या वाटेनं चालत आली. त्याला पाऊण तास लागतो. आल्याबरोबर तिनं क्रेनचा हात उलटा करून पाहिला. पंजाची कातडी निघाली होती. त्यानं वर तंबाखू दाबून धरली होती. “विहिरीवर ह्याच्यापरीस लई भाजतंय,” तो म्हणाला.

मी म्हणालो, “आजचा व्हिडिओ खराब झाला. मधे माणसं आली, गडबड झाली. उद्या सकाळी दुसरा काढू.”

“न्हाई सर,” ती म्हणाली. “हाच पाठवायचा. ह्याच्यात समदं दिसतंय.”

मग तिनं विचारलं, “कोरा फारम हाय का, सर?”

होता. पिशवीत भरलेल्या अर्जाच्या खाली एक कोरा होता, खाडाखोड झाली तर असावा म्हणून मीच घेतलेला. नाही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, “पोरी, मी पन्नाशीला आलोय. पुढच्या वर्षी मला कुणी घेणार नाही.” मी भीक मागत होतो, आणि ती कळत असूनही मागत होतो.

ती म्हणाली, “म्हाईत हाय, सर. तुमी मला गाठी शिकवल्या, मी इसरनार न्हाई. पर मला वर बघायचं आसतं. खाली बघत बघत चढता येत न्हाई.”

क्रेन मधेच म्हणाला, “मी? हिमालयात? थंडी लई आसंल की तिथं.” मग म्हणाला, “यंदा एक इहीर सोडावी लागंल.” म्हणजे त्याचं ठरलं.

“तुमीच लिवा सर,” ती म्हणाली. “तुमचं अक्षर चांगलं हाय.”

मी गळ्यातला हार काढून दगडावर ठेवला आणि मांडीवर फॉर्म घेतला. तिचं नाव लिहिलं. जोडीदाराचा अनुभव असा रकाना होता. तिथं माझे दोन कोर्स लिहायचे होते. ती सांगत गेली, “लिवा. सोळा वर्सं दोरा-कडीवर इहिरीत मानसं सोडली, वर काढली. एक बी पडू दिला न्हाई.” मी तसंच लिहिलं, शब्द न बदलता. कडीला कडीच लिहिलं.

मग वरचा रकाना राहिला, जोडीदाराचं नाव. मी पेन टेकवलं आणि थांबलो. तीन वर्षं हा माणूस माझ्या पाठीमागं दोर धरून बसला होता.

“तुमचं नाव काय?” मी विचारलं.

त्यानं तंबाखू थुंकली, तोंड पुसलं आणि नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, हळू, मला लिहिता येईल असं.