भिंतीवरची नाचणी

मी जोयड्याकडच्या एका डोंगरी गावात मास्तर असताना, गावाला भेट द्यायला येणाऱ्या साहेबांसाठी कमान उभारा, असा हुकूम आला. कमानीने कुणी शहाणं होत नाही, म्हणून मी पोरांकडून शाळेच्या भिंतीवर गावाचा नकाशा करून घेतला आणि सांगितलं, आपलं शेत असेल तिथे त्यातल्या पिकाचा दाणा चिकटवा. पोरांनी डोंगरभर नाचणी चिकटवली. डोंगरावरचं जंगल जाळून तिथे पेरायला सरकारची बंदी होती, हे माझ्या पुस्तकी डोक्यात आलंच नाही.

आले ते जंगल खात्याचे साहेब. नकाशापुढे बराच वेळ थांबले. “फार सुंदर,” म्हणत त्यांनी वही काढली. “डोंगरावरची नाचणी कुणाची?”

“आमची हाय, सायब!”

“आमची बी!”

शाबासकीच्या आशेने हात वर झाले. साहेबांनी पहिल्या पोराला जवळ बोलावलं आणि प्रेमाने त्याच्या बापाचं नाव विचारलं.