भावोजींनी न केलेल्या चोऱ्या

आमचे भावोजी कुलपं दुरुस्त करतात, हरवलेल्या किल्ल्या करून देतात. माणूस इतका नाकासमोर चालणारा, की कुणाचं दार उघडायला बोलावलं तर आधी शेजाऱ्याला विचारतात, "घर यांचंच ना?" आणि दार उघडलं की आत न डोकावता पाठ करून उभे राहतात. खोकल्याच्या औषधानेही ज्याला गरगरतं, अशा माणसाशी लग्न केल्याचा माझ्या ताईला भारी अभिमान होता.

मग दोघंही एका ख्रिस्ती मंडळीत जाऊ लागले. तिथे जन्माने कुणी ख्रिस्ती होत नाही. आपलं पाप आपण कबूल करायचं, प्रभूवर विश्वास ठेवायचा, आणि मगच पाण्यात पूर्ण बुडून बाप्तिस्मा घ्यायचा. तारण पुण्याईने मिळत नाही, कृपेने मिळतं, अगदी फुकट. हे सगळं ताईने मला कितीदा तरी समजावलं, पण मी पडले पालथा घडा. तिच्या शेजारी सोबत म्हणून नुसती बसते.

बाप्तिस्म्याआधी प्रत्येकाने साक्ष द्यायची असते, म्हणजे आपण कसे होतो आणि प्रभूने आपल्याला कसं बदललं, ते सगळ्यांसमोर सांगायचं. भावोजींच्या आधी एक पैलवान उभा राहिला. दारू, मारामाऱ्या, तुरुंग. अर्धी मंडळी डोळे पुसत होती. मग भावोजी उठले. "मी कुलपं दुरुस्त करतो. मी शास्त्र वाचलं. सगळे पापी आहेत असं त्यात लिहिलंय. म्हणजे मीही असणार. मला ते पटलं." कुणीतरी खोकलं. पाळकसाहेब म्हणाले, "बरं."

ते "बरं" भावोजींच्या जिव्हारी लागलं. बाप्तिस्मा झाला, पण तिथे साक्ष नंतरही पुन्हापुन्हा देता येते. पुढच्या सभेत त्यांनी आपल्या साक्षीत एक सिगारेट घातली. त्याच्या पुढच्या सभेत दारू आली. राईचा पर्वत करणारे मी खूप पाहिलेत, पण इथे राईसुद्धा नव्हती. शेवटी एकदा ते म्हणाले, "याच हातांनी मी रात्री लोकांची घरं उघडली." हालेलूयाचा असा गजर झाला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. बायका येऊन ताईच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. बिचारीला कुठे बघावं ते कळेना.

आणि इकडे दुकान ओस पडलं. मंडळीतल्याच एका वयस्कर बाईंच्या कपाटाची किल्ली हरवली, तर त्या पार दुसऱ्या टोकाच्या किल्लीवाल्याकडे गेल्या. ताईने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, प्रभूने त्यांची पापं समुद्राच्या तळाशी टाकलीत, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण कपाट माझं आहे ना."

घरी आल्यावर ताई भडकली. "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात. आता उभं राहा आणि खरं काय ते सांगा."

"लोक मला खोटारडा म्हणतील," भावोजी म्हणाले.

"आणि चोर म्हटलेलं चालतं?"

मी मध्येच तोंड घातलं, "भावोजी, चोऱ्याच करायच्या होत्या तर निदान माल तरी घरी आणायचा."

ते हसले नाहीत. हातातली कानस उलटसुलट करत म्हणाले, "प्रभू भेटला तो दिवस सगळ्यांना आठवतो. मला नाही आठवत. माझ्याजवळ माफ करण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून तो माझ्याकडे आलाच नसेल तर?" मला त्यांची फार दया आली.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून सगळ्यांनी भाकरीचा तुकडा खायचा. पाळकसाहेब नेहमीप्रमाणे म्हणाले, आधी प्रत्येकाने स्वतःला तपासावं, मगच भाकर घ्यावी. तुकड्यांचं ताट बाकाबाकावरून फिरू लागलं. आमच्या बाकावर आलं तसं भावोजींनी तुकडा न घेता ते ताईच्या हातात दिलं आणि उभे राहिले.

"मी कधी चोरी केली नाही," ते म्हणाले. "दारू प्यायलो नाही. सिगारेट पेटवायला गेलो होतो, पण बोट भाजलं. मात्र इथे उभं राहून, प्रभूचं नाव घेऊन, मी तुमच्याशी खोटं बोललो. तुम्हाला माझं काहीतरी वाटावं म्हणून."

कुणी हालेलूया म्हटलं नाही. पैलवान घसा खाकरून छताकडे बघू लागला. त्याच्या तुरुंगाबद्दल मला तेव्हापासून शंका आहे. भावोजी खाली बसले.

"आता मला ही भाकर घ्यायचा हक्क नाही," ते पुटपुटले.

ताईने ताट पुढे दिलंच नव्हतं. तिने ते त्यांच्यासमोर धरलं. "हक्क कुणालाच नसतो, म्हणून तर देतात," ती म्हणाली. "घ्या. हे तुमच्यासाठीच आहे."

भावोजींनी तुकडा उचलला, आणि सगळ्यांदेखत तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.