साहेबाच्या वहीतली हलगी

कडूबाकाकांच्या छडीचा फटका मी स्वतः खाल्लेला आहे, तेव्हा त्यांच्याबद्दल लिहायचा हक्क मला आहे असं मी समजते. फटका तसा लागणारा नव्हता. वेताच्या टोकाने कोपरावर टिचकी मारावी, एवढाच. पण मी तेव्हा तेहतीस वर्षांची, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी मास्तरीण, आणि गुन्हा काय, तर गीत चालू असताना माझा पाय ठेका धरत होता. सगळ्या मंडळीदेखत! त्या रविवारी मस्तगड भागातल्या माझ्या घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात त्यांचा जो उद्धार केला, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

जालन्यातल्या आमच्या दगडी चर्चचे ते राखणदार. घंटा वाजवायची, बाकं पुसायची आणि उपासना सुरू झाली की शेवटच्या बाकामागे छडी घेऊन उभं राहायचं. कुणी टाळी वाजवली, छडी. कुणाला डुलकी लागली, छडी. तान्हं रडलं तर आईसकट बाहेर. आमच्या गीतांच्या चाली साहेब लोकांच्या देशातून आलेल्या, आणि त्याही आम्ही इतक्या संथ म्हणायचो की नाताळ आहे की मयत, हे नव्या माणसाला कळू नये. कुणी कुरकुर केली की कडूबाकाकांचं उत्तर ठरलेलं, "साहेबाचा हुकूम हाये. चर्चात टाळी न्हाई, हलगी बिलकुल न्हाई." हा साहेब म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी आलेला गोरा मिशनरी. तो केव्हाच मायदेशी जाऊन मेलाही असेल, पण त्याचा हुकूम मात्र ठणठणीत होता.

त्यांची बायको चांगुणाबाई मला एकदा सगळं सांगून गेली. मी छडीबद्दल तक्रार करायला गेले होते आणि तोंड मिटून परत आले.

कडूबाकाकांचे वडील कचरू जाफराबादकडच्या एका खेड्यातले हलगीवाले. लग्न असो, पाटलाची वरात असो की कुणाचं मढं असो, पुढे हलगी वाजवायची आणि दारोदार शिळी भाकर मागायची, हे त्यांच्या जन्माला चिकटलेलं काम. बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते हलगी खांद्याला अडकवूनच जालन्याला आले. म्हणाले, "इतके दिवस पाटलापुढं वाजवली, आता देवापुढं वाजवीन." पण त्यांना सांगण्यात आलं की साहेबाला हलगी नको आहे. त्यांनी ती खुंटीला टांगली आणि पुन्हा हात लावला नाही.

"मरायच्या आदल्या दिवशी सासरा ह्यांना म्हणाला, कडू, एकडाव वाजव रे, मला ऐकू दे," चांगुणाबाई सांगत होती. "ह्यांला येत व्हती. लहानपणी बापानंच शिकवल्ती. पर हे म्हणाले, बाबा, साहेबाचा हुकूम हाये. सासऱ्यानं भिताडाकडं तोंड केलं. मंग बोलला न्हाई." हलगी पुढे गावच्या पुतण्याकडे गेली. आणि कडूबाकाका छडी घेऊन उभे राहिले ते पस्तीस वर्षं. हुकूम खरा, म्हणून बापाला दिलेला नकार खरा. त्यांचं सगळं आयुष्य ह्या एका गोष्टीवर उभं होतं.

मग आलं त्र्याहत्तर साल. दोन वर्षांच्या दुष्काळात आमच्या मंडळीतल्या अर्ध्या लोकांनी खडी फोडली आणि रेशनवरची लाल परदेशी ज्वारी, म्हणजे मिलो, खाल्ली. त्या वर्षी मात्र पाऊस झाला आणि बाजरीची कणसं हातभर आली. आमच्याकडे हंगामाचा सण असतो. पिकाचा पहिला वाटा चर्चात आणून वाहायचा आणि देवाचे उपकार मानायचे. नवे पाळक धर्मराज तिशीतले, उत्साही. पंचमंडळाच्या बैठकीत ते म्हणाले, "दोन वर्षांनी भाकर मिळाली आहे आणि आपण रडक्या चालीत आभार मानायचे? शास्त्रात डफ आहे, झांजा आहेत, देवापुढे नाचणारा राजासुद्धा आहे. हे सगळं वर्ज्य आहे ते फक्त आपल्याच चर्चात. कडूबाकाकांच्या गावचा वसंता आपल्याच मंडळीतला आहे, हलगी वाजवतो. त्याला बोलवू या."

मी पंचमंडळाची चिटणीस होते. लिहिता लिहिता माझा हात थांबला. अण्णासाहेब उठून उभे राहिले होते. मिशन दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर, इस्त्रीचा कोट, आमच्यातले सगळ्यात वडीलधारे. "पाळकसाहेब, तुम्ही बाहेरचे," ते म्हणाले. "हलगी तुम्हाला वाद्य वाटते. आमच्या आजोबांना लोक त्या हलगीवरून हाका मारायचे. ती टाकली तेव्हा आम्ही माणसं झालो. साहेबांनी बंदी घातली ती उगीच नाही."

मला त्यांचं पटलं, खोटं कशाला सांगू? आणि पाळकांचंही पटलं होतं. अशा वेळी मी तावातावाने इतिवृत्त लिहिते.

कडूबाकाका चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि कुणी विचारलं नसताना बोलले, "एवढी झिकझिक कामून करून राह्यले? साहेबाची वही हाये नं कपाटात. काढा, वाचा. हुकूम लिव्हलेला असंल, तर हलगी न्हाई. बात खतम."

"आणि नसला लिहिलेला तर?" पाळकांनी विचारलं.

"असा कसा न्हाई?" ते एकदम तापले. "नसंल तर मंग मी मपल्या बापाला न्हाई कामून म्हणालो?"

कपाटाची किल्ली त्यांच्याच कमरेला होती. दर शनिवारी ते ती वही काढून पुसून ठेवत, पस्तीस वर्षं. इंग्रजी येत नसल्यामुळे आत काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवली आणि टोपी काढून उभे राहिले.

कचरू जालन्याला आले ते एकोणीसशे एकवीस साली. त्या वर्षीच्या हंगामाच्या सणाचा नोव्हेंबर सापडायला वेळ लागला नाही. साहेबाचं अक्षर मोत्यासारखं होतं. मी मनात वाचलं. पुन्हा वाचलं. शेजारून अण्णासाहेब चष्मा सावरून वाकले होते. त्यांनीही वाचलं. त्यांचा हात माझ्या मनगटावर आला आणि त्यांनी हळूच मान हलवली. नको.

एका वाक्याचं काम होतं. "बंदी लिहिलेली आहे," एवढंच म्हणायचं आणि वही मिटायची. म्हातारा माणूस सुखाने झोपला असता. मी तोंड उघडलंसुद्धा. आणि मग माझ्या लक्षात आलं की पन्नास वर्षांपूर्वी ह्याच चर्चात एका माणसाने नेमका हाच विचार केला होता, आणि तोही दुसऱ्याच्या भल्यासाठीच. मला स्वतःचीच भीती वाटली. मी मराठी करून वाचलं.

"'हंगामाच्या सणाला कचरूने हलगी वाजवावी, अशी माझी फार इच्छा होती. मी तसं त्याला सांगायला लावलं. दुभाषी रामराव मास्तर म्हणतात की कचरूला आता त्या वाद्याची लाज वाटते आणि त्याला वाजवायचं नाही. मी आग्रह धरला नाही. मला वाईट वाटलं.'"

नव्या साहेबाला मराठी येत नव्हतं आणि कचरूला इंग्रजी. मधे होते रामराव मास्तर. अण्णासाहेबांचे वडील.

"पुन्यांदा वाचा," कडूबाकाका म्हणाले. मी वाचलं. "अजून एकडाव." मी वाचलं.

"म्हंजे साहेब हो म्हणाला व्हता?"

"हो, काका."

"आन् बापाला सांगितलं, साहेब न्हाई म्हणतो."

अण्णासाहेब खुर्चीत बसले आणि एकदम फार म्हातारे दिसायला लागले. "आमच्यासाठी केलं असेल त्यांनी," ते म्हणत राहिले. "पोरांना कुणी हलगीवाले म्हणू नये म्हणून." कडूबाकाकांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि गेले. चहा तसाच राहिला.

त्या रविवारी चर्चची घंटा वाजली नाही. लोक एकमेकांच्या घरी विचारायला गेले की आज वार कोणता. मी चांगुणाबाईकडे गेले, तर कडूबाकाका भिंतीकडे तोंड करून पडलेले. मला ते पाहवलं नाही. खरं वाचलं ते चांगलं केलं की वाईट, ह्या विचाराने मी आठ दिवस धड जेवले नाही.

पुढच्या रविवारी सण होता. चर्चात बाजरीच्या पेंढ्या, भोपळे आणि पाय बांधलेल्या कोंबड्या. वसंता सकाळच्या एसटीने आला होता. बाहेर पालापाचोळा पेटवून त्याने हलगी शेकली आणि शेवटच्या बाकावर अंग चोरून बसला. हलगी त्या पुतण्याकडून त्याच्याकडे आलेली; कडं कचरूंचंच, चामडं तेवढं नवं. पहिलं गीत सुरू झालं आणि दारात कडूबाकाका आले. धुतलेलं धोतर, हातात छडी. गीत जिथल्या तिथे तुटलं. मला वाटलं, आता वसंताला मार बसतो.

ते त्याच्यासमोर थांबले. छडी गुडघ्यावर धरून काडकन मोडली. कुणीतरी किंचाळलं. मोडलेल्यातली बारीक काडी त्यांनी डाव्या हातात घेतली आणि म्हणाले, "वसंता, हलगी आण हिकडं. तुझं टिपरू दे." वसंताने उजव्या हाताने वाजवायचं जाड टिपरू काढून दिलं. हलगी गळ्यात अडकवून ते बाहेर पडले आणि आम्ही सगळे, पाळकांसकट, मागोमाग.

चर्चच्या मागेच आमची कबरस्तानाची जागा आहे. कचरूंच्या कबरेला दगडाची पाटी नाही, नुसती गोट्यांची कड आहे. तिथे ते उभे राहिले तेव्हा अण्णासाहेब गर्दीतून ओरडले, "कडूबा, अरे, मयतापुढं वाजवावं लागायचं म्हणूनच तर सोडली होती रे!"

कडूबाकाका वळले. "मयत?" ते म्हणाले. "दर इतवारी काय म्हणतो आपण, अण्णासाहेब? मेलेलं माणूस पुन्यांदा उठणार हाये म्हणतो नं? मंग मयत कुठलं?"

दर रविवारी आम्ही ते म्हणत होतो आणि आमच्यातल्या एकानेही ते खरं धरलं नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं आणि फार लाज वाटली.

पहिले ठोके चुकले. पस्तीस वर्षं ते हात फक्त छडी धरून होते. मग हलगी कडाडली. अशी कडाडली की झाडावरची पाखरं उडाली आणि चर्चात कोंबड्यांनी कलकलाट मांडला. चांगुणाबाईने टाळी धरली. पाळक गात होते, वसंता नाचत होता, आणि मी, मास्तरीण, चप्पल काढून धुळीत पाय आपटत होते. अण्णासाहेब कोट काढून हातावर घेऊन उभे होते. ते रडत होते आणि त्यांनी ते लपवलं नाही.

पुष्कळ वेळाने कडूबाकाका थांबले. घामाने न्हाले होते. गुडघे टेकून ते कबरेवर वाकले, आणि खोलीत निजलेल्या माणसाला उठवावं तशा हलक्या आवाजात म्हणाले, "बाबा, साहेब हो म्हणाला व्हता."