दाजींचा एक नंबर

आमच्या दाजींनी आजवर एकाही माणसाचा चेहरा पाहिलेला नाही. ते फक्त दात पाहतात. नेवाशात त्यांचा वाकडे दात सरळ करायचा दवाखाना आहे आणि तारेची गरज किती, यावरून ते माणसांना एक ते पाच नंबर देतात. एक म्हणजे गरज नाही, चारपासून पुढे तार लावायचीच. लग्नात अक्षता टाकताना त्यांनी नवरदेवाला तीन नंबर दिलेला मी स्वतः ऐकलाय. म्हैस घ्यायला मी त्यांना घोडेगावच्या बाजारात नेलं, तर व्यापारी म्हशीचं तोंड उघडून दाखवत होता आणि दाजी व्यापाऱ्याच्या तोंडात बघत होते. "खालचे दात टाळूला लागतायत तुमचे. चार नंबर," ते म्हणाले. व्यापारी शांतपणे म्हणाला, "डाक्टर, आदी म्हशीचं बोला." दवाखान्यात मात्र आलेली निम्मी माणसं ते गरज नाही म्हणून परत पाठवतात, त्यामुळे तिथे बसायला नेहमी जागा असते.

नंबर देताना त्यांनी कुणाची भीड धरली नाही, फक्त एकदा सोडून. माझ्या ताईचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, वरचा सुळा शेजारच्या दातावर चढलेला होता. ती जन्मभर तोंडाला पदर लावून हसली. तिने विचारलं की दाजी म्हणायचे, एक नंबर, काही गरज नाही. तो सुळा त्यांना फार आवडायचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

ताई गेली. भाचीचा सुळा अगदी तस्साच निघाला. कॉलेजात जायला लागल्यापासून ती तार लावा म्हणून मागे लागली. दाजी पट्टी लावून मोजायचे आणि बघू म्हणायचे. शेवटी एकदा जेवताना ती म्हणाली, "पप्पा, हाच दात दुसऱ्या कुणाचा असता तर किती नंबर दिला असता?"

दाजी बराच वेळ भात कालवत राहिले.

"चार," ते म्हणाले. "तुझ्या आईचाही चारच होता."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला दवाखान्यात नेलं. तार लावण्याआधी दातांचा प्लॅस्टरचा ठसा घेतात. बाकी सगळ्यांचे ठसे दवाखान्याच्या कपाटात असतात, भाचीचा तेवढा दाजींनी घरी आणून ताईच्या फोटोशेजारी ठेवलाय. भाची आता तारेसकट खळखळून हसते, तोंडावर हात घेत नाही. मला मात्र ठशातला तो पांढरा सुळा दिसला की ताईची फार आठवण येते. फोटोत ती तोंड मिटून बसलीय.