म्हशीतलं अर्धं

अकरा डिसेंबर, गुरुवार, सकाळचे साडेदहा. रक्कम एक्कावन्न हजार रुपये, पाकिटात. सोबत एक साडी. हजर माणसं चार: माझी आई, तिचे धाकटे भाऊ म्हणजे माझे मामा, मामी आणि मी. जागा आईचं माहेर, कुरुंदवाडपासून सात किलोमीटरवर. दुपारी तालुक्याच्या कचेरीत हक्कसोडपत्राची नोंदणी ठरली होती. बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा बहिणीनं भावाच्या नावे सोडायचा आणि भावानं तिची साडीचोळी करायची. आमच्याकडं हे इतकं गृहीत असतं की बहिणीला 'सोडतेस का' असं कुणी विचारत नाही, 'कधी मोकळी आहेस' असं विचारतात.

जमीन तीन एकर दहा गुंठे, उसाखालची. वारस दोनच. आईच्या हिश्श्याची किंमत मी आदल्या दिवशी काढली होती. आकडा इथं लिहीत नाही, कारण तो ऐकून ती एवढंच म्हणाली, "तुझी हाय का ती जमीन?"

आई एक्क्याऐंशी वर्षांची आहे. तिचा जन्म शेतातल्या वस्तीवरचा. चौथीपर्यंत शिकली, मग शाळा सुटली. शेणघाण, वैरण, भांगलण, ऊस लावण्याच्या दिवसांत कांड्या टाकणं, ही तिची कामं. सतराव्या वर्षी लग्न होऊन ती आमच्या गावी आली आणि तीच कामं पुढं चालू झाली, फक्त रान बदललं. पाच बाळंतपणं, जगलेली मुलं तीन. आमच्या गोठ्यात बावन्न वर्षं किमान एक तरी दुभतं जनावर होतं आणि धारा तीच काढायची. रोजचं सहा लिटर धरलं तरी दूध एक लाख लिटरच्या वर जातं. मी हे तिला एकदा सांगितलं. ती म्हणाली, "बरं. म्हणून काय मोजून प्यायचंय?"

वडील गेल्यावर ती कोल्हापुरात माझ्याकडं आली. दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. अजून चारला उठते. गोठा नाही म्हणून पाणी भरते, भरलेलंच पुन्हा भरते.

तिच्या दोन गोष्टींचा उलगडा मला पन्नाशी उलटेपर्यंत झाला नव्हता. पहिली गोष्ट रस्त्याची. एसटीच्या थांब्यापासून तिच्या माहेरचं घर समोरच्या गल्लीनं दोनशे चाळीस पावलांवर आहे. लहानपणी मी मोजलं होतं. मागच्या बाजूनं, मळणीच्या खळ्यांकडून गेलं तर सहाशे दहा. आम्ही कायम सहाशे दहा पावलं चाललो, डोक्यावर बोचकं आणि काखेत बहीण असली तरी. दुसरी गोष्ट एका रेडीची. मी नववीत असताना शेजाऱ्यानं आम्हाला म्हशीची रेडी वाट्यानं देऊ केली. म्हणजे जनावर त्याचं, सांभाळायचं आम्ही. मोठं होऊन विकलं की निम्मे पैसे त्याचे, निम्मे आमचे. गरिबाच्या दारात असंच जनावर येतं. वडील तयार होते. आई म्हणाली, "वाट्याचं जनावर माझ्या दारात बांधायचं न्हाय."

"फुकट रेडी येतीया आणि म्हणं नको! डोकं ठिकाणावर हाय काय?" वडील म्हणाले. रेडी आली नाही. वडिलांचं म्हणणं तिनं मोडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

त्या गुरुवारीही गावात शिरताना ती म्हणाली, "मागल्या अंगानं घे." खळी आता राहिली नाहीत, तरी मी गाडी तिकडून घेतली.

चहा झाला. मामांनी पाकीट तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं ते उचलून चटईवर ठेवलं आणि म्हणाली, "आधी म्हशीचं मिटीव."

"कुठल्या म्हशीचं?"

"जैनाच्या घरची. तिथल्या काकूनं रेडी वाट्यानं दिलती. दावं माझ्या हातात दिलतं तिनं, बाबाच्या न्हाय. पाच वर्सं सांभाळली मी. बाबानं माझ्या लग्नात इकली आणि तिचं अर्धं बुडवलं. चौसष्ट वर्सं त्या दारावरनं जायाला तोंड न्हाय मला. तेवढं दे तिच्या घरात, मग सही करतो."

आमच्या भागातल्या बायका 'करतो', 'जातो' असंच बोलतात. मामा हसायला लागले.

"आक्का, अगं दिलं की! मीच नेऊन दिलं. दहा वर्साचा हुतो. एकशे साठ रुपये, फडक्यात बांधून. बाबांनी बजावलंतं, तिनं मोजून घेतल्याबिगर हलायचं न्हाय."

"मग मला कुणी सांगितलं?"

"तू नांदायला गेलतीस. तुला कशाला सांगायचं?"

मामांनी हे दुष्टपणानं म्हटलं नाही. त्यांना खरोखरच त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

आईचा विश्वास बसला नाही. "चल. तिच्या घरात इचारू," म्हणाली आणि काठी घेऊन समोरच्या दारानं बाहेर पडली. आम्ही मागून. ते घर गल्लीच्या मध्यावर आहे. पाण्याच्या पाटावरचा दगड ओलांडताना तिनं माझा दंड धरला, तो उंबऱ्यापर्यंत सोडला नाही.

रेडी देणारी बाई जाऊन वीस वर्षं झाली होती. घरात तिची सून होती, तीही आता पासष्टीची. मामांनी आईची ओळख सांगितली आणि म्हशीचं विचारलं.

"मिळालं की पैसं," सून म्हणाली. "आमच्या सासूबाई लई येळा सांगायच्या. म्हणायच्या, म्हशीचं पैसं घरपोच आलं, पर रेडी सांभाळल्याली पोरगी परत उंबऱ्याला आली न्हाय. कशाचा राग धरला कुणास ठावं. तुमीच व्हय ती?"

आई जोत्यावर बसली. तिनं विचारलं, "ताक हाय का?" सुनेनं तांब्या भरून आणला. आईनं तो रिकामा केला.

परत येताना गल्लीत ती अचानक थांबली.

"तिचं अर्धं एकशे साठ," ती मामांना म्हणाली.

"व्हय."

"म्हंजी म्हस तीनशे ईसला गेली."

"व्हय की."

"मग माझं अर्धं कुठाय?"

"ते... तुझ्या लग्नात लागलं की."

"लगीन बापानं करायचं असतंय, का पोरीनं म्हस इकून?"

"आणि वैरण कुणाची खाल्ली तिनं? बाबाच्याच रानातली न्हवं?"

"कापली कुणी?"

मामी मागून म्हणाल्या, "द्या आता. बहिणीच्या म्हशीवर लई दिवस बसून ऱ्हायलाय." मामांनी खिशातून दोनशेची नोट काढली. "हे घे. चाळीस माघारी दे." त्यांनी हे हसत म्हटलं. आई हसली नाही.

"तू गेल्या बाजारात म्हस कितीला इकलीस?"

मामा काहीही करतील, पण जनावराच्या किमतीत खोटं बोलणार नाहीत. "नव्वद हजाराला," ते म्हणाले. तिसरी इयत्ता न शिकलेल्या माणसालाही निम्मं काढता येतं. इथं तर चौथी झालेली होती.

कचेरीत आमचा नंबर तीन वाजता लागला. बाकावर बसलेलो असताना मी तिला शेवटचं विचारलं की जमिनीचं नीट ठरलंय ना, अजून वेळ आहे. तिनं मामांकडं बघितलं. ते खिडकीशी उभं राहून कागदावरची स्वतःच्या नावाची अक्षरं चष्मा वर-खाली करत तपासत होते. ती म्हणाली, "ठरलंय. जमिनीचं दावं कुणी माझ्या हातात दिलं न्हवतं." मला हे आजही पटलेलं नाही, आणि तेही मी तिला सांगितलं आहे.

तिनं तीन ठिकाणी सही केली, सावकाश, शाळेतल्या अक्षरात. सही करण्यापूर्वी तिनं पाकीट मागून घेतलं होतं आणि नोटा मोजल्या होत्या, दोनदा. वरच्या नोटा वेगळ्या करून तिनं मामांच्या हातात दिल्या.

"आक्का, ऱ्हाऊ दे की, बहीण म्हणून दिल्यात."

"बहीण म्हणून साडी घेतली. ह्ये जास्तीचं हाय."

परतताना ती गाडीत म्हणाली, "सरळ घे, समोरनं." मामा-मामींना आम्ही त्याच गल्लीनं दारात सोडलं.

एकूण एक्कावन्न हजार. पैकी म्हशीच्या निम्म्या किमतीपोटी पंचेचाळीस हजार आईला, हातात. उरलेले सहा हजार मामांना परत.